शिवडीचा नकाशा आणि आपण

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्या, असा संपादक-मंडळाचा आग्रह झाला तेव्हा विषय शोधायला दूर जावे लागले नाही. नळाचे पाणी, गल्लीतला दिवा, बालवाडीची जागा, मुलांचे मैदान यांवर बोलणे निघाले नाही अशी आपल्या मंडळाची सभा क्वचितच होत असेल. या सर्व गोष्टी कोणी तरी, कधी तरी कागदावर आखलेल्या असतात. नळ कोठवर येणार, रस्ता किती रुंद होणार, कोणत्या तुकड्यावर शाळा आणि कोणत्या तुकड्यावर वखार, हे आधी कागदावर ठरते आणि मग आपल्या दारात येते. तो कागद आखताना येथे राहणाऱ्या माणसांना काही विचारले गेले का, आणि विचारले नाही तेव्हा लोकांनी काय केले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

शिवडी तशी जुनी. इंग्रजांनी येथला किल्ला 1680 साली बांधला. पुढे 1830 मध्ये स्थापन झालेल्या कृषी व उद्यान संस्थेची बाग येथे होती. 1865 च्या सुमारास ती जागा घेऊन तेथे ख्रिस्ती दफनभूमी केली, ती अजून आहे. शहराला जे जवळ नको, ते शिवडीला पाठवायचे, ही रीत तेव्हापासूनची म्हणावी काय? क्षयरोग्यांचे रुग्णालयही पुढे येथेच आले. असो.

आपल्या वस्तीची खरी घडण केली ती बंदराने. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना 1873 ची. 1908 ते 1912 या काळात माझगाव ते शिवडी हा किनारा भरून काढण्यात आला आणि सुमारे 580 एकर नवी जमीन तयार झाली. 1915 मध्ये बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली. कुलाब्याला असलेला कापसाचा बाजार येथे हलवला, कोठारांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि 1925 मध्ये कापूस बाजाराची ती भव्य इमारत झाली, जिच्यामुळे शेजारच्या स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव पडले. समुद्र दूर गेला. मासेमारी करणाऱ्या घरांना याबद्दल कोणी विचारले असेल असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. पण वाचकांनी एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. शिवडीच्या पूर्वेचा मोठा पट्टा तेव्हापासून बंदराच्या मालकीचा झाला. या एका गोष्टीचे पुढे किती परिणाम झाले ते शेवटी येईलच.

आता प्लेगाकडे वळू. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. सरकारने घरोघर तपासणी सुरू केली, संशयित रोग्यांना उचलून रुग्णालयात नेऊ लागले, माणसांची घरे उघडून धुऊन काढू लागले. हेतू वाईट होता असे नाही. पण बायकामाणसांना परक्या पुरुषांनी तपासावे, घरच्यांपासून तोडून न्यावे, हे कोणाला सोसणार? ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. मार्च 1898 मध्ये विणकरांच्या वस्तीत एका तरुण रोगी स्त्रीला नेण्यावरून दंगल उसळली आणि त्यानंतर गोदीतल्या कामगारांनी व गाडीवाल्यांनी काम बंद ठेवले. त्या दंगलीचे कौतुक करण्याचा येथे हेतू नाही. त्यात माणसे मेली. परंतु त्यानंतरच सरकारने आपली रीत मवाळ केली, ज्या त्या समाजाची रुग्णालये मान्य केली, वस्तीतल्या माणसांची मदत घ्यायला सुरुवात केली. लोकांना विचारल्याशिवाय लोकांच्या घरात शिरता येत नाही, हे मुंबईच्या कारभाऱ्यांना कळले ते अशा महागड्या किमतीने.

त्याच वर्षी, 1898 मध्ये, कायदा होऊन इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. दाट, अंधाऱ्या वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढायचे, आणि माणसांसाठी नव्या चाळी बांधायच्या असे त्याचे काम. बी. आय. टी. चाळी म्हणून आपण ज्या ओळखतो त्या याच ट्रस्टच्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे राहिले होते. शिवडी-वडाळा इस्टेट हे नाव आजही महापालिकेच्या दप्तरात आहे, तेही ट्रस्टच्याच योजनेचे. ट्रस्टच्या मंडळावर महापालिकेचे, व्यापाऱ्यांचे, बंदराचे आणि गिरणीमालकांचे प्रतिनिधी होते. ज्याची खोली पाडली जायची त्या भाडेकरूचा प्रतिनिधी मात्र नव्हता. मग व्हायचे तेच झाले. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्याच गल्लीत दाटीवाटीने राहू लागली.

याच ट्रस्टच्या दप्तरातली दुसरी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दादर-माटुंग्याच्या योजनेत मंचेरजी एदलजी जोशी नावाचे एक पारशी गृहस्थ इंजिनियर होते. आपल्या समाजातील मध्यम स्थितीच्या कुटुंबांना परवडेल अशी घरे हवीत, हे त्यांनी ट्रस्टला पटवून दिले आणि 103 भूखंड पारशी समाजासाठी राखून घेतले. इमारतींच्या उंचीला मर्यादा, मध्ये बागा, रस्त्यारस्त्याला निरनिराळी झाडे, हे सगळे त्यांनी आग्रहाने करून घेतले. दादरच्या पारशी कॉलनीतून कधी चालत गेलात तर ती झाडे पाहा. शिवडीहून ती कॉलनी काही फार दूर नाही. संस्था तीच, काळ तोच. एका ठिकाणी नकाशा काढणाऱ्याच्या शेजारी वस्तीचा माणूस बसलेला होता, दुसरीकडे कोणी नव्हते. समाजाची सांपत्तिक स्थिती वेगळी होती हे खरे, आणि ते विसरून चालणार नाही. तरी पण केवळ पैशाने ती झाडे लागली, असे मला वाटत नाही.

याच सुमारास मुंबईत पॅट्रिक गेडीस नावाचा एक स्कॉटिश प्राध्यापक राहत होता. 1919 ते 1924 तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. मूळचा वनस्पतिशास्त्राचा माणूस. 1914 मध्ये तो नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाला, तर प्रदर्शनाचे सामान वाहणारी बोट जर्मनांच्या एम्डेन जहाजाने बुडवली. तरी नवे सामान जमवून त्याने प्रदर्शन भरवलेच. त्याचे म्हणणे असे की, वस्ती सुधारायची तर आधी ती पायी हिंडून पाहावी, माणसांशी बोलावे, जुनी घरे सरसकट पाडू नयेत. जेथे अगदीच नडते तेवढेच काढावे, बाकीचे डागडुजी करून राखावे. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचेही त्याला मोठे मोल वाटे, कारण जेथे तुळस नीट राखली आहे तेथे घर नीट राखलेले आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. आपल्या आजीला हे सांगायला प्राध्यापक लागला नसता, पण सरकारी अहवालात ते यायला लागला.

त्याची इंदूरची हकीकत फार मौजेची आहे. होळकरांच्या इंदुरात तेव्हा प्लेग होता. गेडीस नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला की लोक घाबरत. हाच साहेब रोग आणतो, हाच घरे पाडणार, अशी बोलवा झाली होती. मग त्याने महाराजांकडून दिवाळीचा एक दिवस मागून घेतला. जाहीर केले की, या वेळची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातली घरे सर्वांत स्वच्छ असतील, ज्यांनी डागडुजी करून रंग दिला असेल, त्या मार्गाने जाईल. झाले! सगळे शहर झाडूपोतेरे घेऊन उठले. कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगाचा भला थोरला उंदीर होता, त्यांना शेवटी जाळले. त्यांच्यामागून लक्ष्मी आली, आणि नवे पांढरे कपडे घालून, गळ्यात हार घालून शहरातले सफाई कामगार मानाने चालले. 1918 मध्ये त्याने इंदूरचा जो अहवाल लिहिला तो नगररचना शिकणारे अजून वाचतात. पण मला तो अहवालापेक्षा त्या मिरवणुकीसाठी मोठा वाटतो. शहर सुधारणे हे घरच्या बाईच्या हातातले काम आहे, ही गोष्ट त्याने हुकमाने नव्हे, सणाने करून दाखवली.

आणि हा माणूस मुंबईत शिकवीत असतानाच मुंबई सरकारने काय केले? 1920 मध्ये गव्हर्नर लॉईड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडले. आपल्या बी. डी. डी. चाळींचे नाव त्यावरून. कामगारांसाठी एकेका खोलीची 50 हजार बिऱ्हाडे बांधायचा बेत होता. पैशाची एक वाट अशी काढली की, शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. म्हणजे शिवडीच्या कोठारात येऊन पडणाऱ्या कापसाने शिवडीच्या चाळींना हातभार लावला असे म्हणता येईल. शेवटी 207 चाळी झाल्या: वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. बिऱ्हाडे सोळा हजारांच्या घरात भरली, पन्नास हजारांचा बेत तेथेच थांबला.

या चाळींची रचना तुम्हाला मी काय सांगावी! तळमजला आणि वर तीन मजले, मध्ये लांबच लांब अंधारी वाट, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. चाळीत 80 बिऱ्हाडे. काँक्रीटचे बांधकाम मजबूत होते, त्याबद्दल दोष देता येणार नाही. शंभर वर्षे टिकले. पण खोलीत राहणाऱ्या बाईने दळण कोठे ठेवायचे, बाळंतिणीने कोठे निजायचे, रात्री मुलीने संडासला कसे जायचे, हे प्रश्न आखणाऱ्याच्या मनात आलेले दिसत नाहीत. कापसाला जशी वखार तशी कामगाराला खोली. सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या, कारण भाडे कामगारांना झेपत नव्हते आणि जागा सोयीच्या नव्हत्या. वरळीच्या चाळींचा तर सत्याग्रहाच्या दिवसांत तुरुंग म्हणून उपयोग झाला. जी वास्तू तुरुंग म्हणून सहज चालते, तिच्या आखणीबद्दल अधिक लिहायला नको. पुढे त्याच चाळींत गणेशोत्सव झाले, भजनी मंडळे झाली, वाचनालये झाली, आपल्यासारखी महिला मंडळे झाली. तो भाग माणसांनी आपला आपण आखला.

कायद्याची वाट मात्र फार हळू सरकली. 1915 चा मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा हा देशातला अशा तऱ्हेचा पहिला. त्यात योजनेपूर्वी जमीनमालकाचे म्हणणे ऐकण्याची तजवीज होती. मालक नसेल त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. स्वातंत्र्यानंतर 1954 च्या कायद्याने महापालिकांना संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे बंधनकारक झाले आणि मुंबईचा पहिला आराखडा 1967 मध्ये मंजूर झाला. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे 1966 मध्ये, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्यातली एक ओळ माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणीही व्यक्ती लेखी हरकत वा सूचना देऊ शकते. कोणीही! जागेची मालकी लागत नाही, भाडेपावती लागत नाही, पुरुष असावे लागत नाही. हरकत देणाऱ्याचे म्हणणे नियोजन समितीपुढे ऐकून घ्यावे लागते.

नुसत्या कायद्यातल्या ओळीने काही होत नाही, हेही खरे. गोरेगावच्या मृणालताई गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणत, ते त्यांनी अर्ज लिहिले म्हणून नव्हे. हंडे-कळशा घेऊन निघालेल्या बायका त्यांच्या मागे होत्या म्हणून. 1961 मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. 1972 मध्ये त्यांनी, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी आणि इतर भगिनींनी महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी केली आणि लाटणी हातात घेतलेल्या बायकांचे मोर्चे मुंबईने पाहिले. तेल, साखर, रॉकेल यांसाठी सुरू झालेली ही चळवळ; पण त्यातून कित्येक जणींना कचेरीची पायरी चढायची सवय झाली. पुढे मृणालताईंनी बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेच्या द्वारे दिंडोशीला साधारण उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची वसाहत उभी केली. महापालिकेत स्त्रियांना राखीव जागा 1992 च्या निवडणुकीपासून मिळाल्या, आणि 2012 पासून निम्म्या झाल्या.

आता अलीकडच्या प्रसंगाकडे येते. मुंबईचा तिसरा आराखडा, 2014 ते 2034 या वर्षांचा, तयार होत होता तेव्हा प्रथम महापालिकेने सध्याच्या जमीन-वापराचे नकाशे काढले. त्यांत चुका पुष्कळ होत्या. या वेळी संस्थांनी आणि नागरिकांनी ते नकाशे हातात घेऊन आपापल्या वॉर्डांत फिरून चुका टिपल्या, वॉर्डावॉर्डांत सभाही झाल्या. स्त्रियांच्या संघटनांनी वेगळी मागणी मांडली: पाळणाघरे, स्वच्छतागृहे, नोकरी करणाऱ्या मुलींना राहायला जागा, फेरीवाल्या बायकांना बसायला जागा. फेब्रुवारी 2015 मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला. हरकतींची मुदत 60 दिवसांची होती. पाहतात तो काय, जुन्या वास्तू आणि प्रार्थनास्थळे चुकीची दाखवलेली, राहत्या इमारतींवरून रस्ते आखलेले, कोळीवाडे-गावठाणे नीट नोंदलेली नाहीत. मग शहरभर हरकतींचे अर्ज भरले जाऊ लागले. गृहरचना संस्था, चर्चची मंडळे, झोपडपट्टीतली मंडळे, शाळा, सर्वांनी मिळून साठ हजारांच्यावर हरकती दिल्या. एप्रिल 2015 मध्ये, मुदत संपत आली असताना, मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्त करून नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारलेला मसुदा मे 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये मंजूर झाला. त्यात आधार केंद्रे, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी निवास, अशा जागांना आरक्षणाच्या यादीत स्थान मिळाले. साध्या कागदावर लिहिलेल्या अर्जांनी एवढा मोठा नकाशा परत फिरला, असे मुंबईत पूर्वी झाल्याचे मला आठवत नाही.

मात्र आरक्षण कागदावर आले म्हणजे बालवाडी झाली, असे समजू नये. राखीव जमीन 10 वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही महापालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण उठते. उठताना ढोल वाजत नाहीत. आराखड्यात पुढे फेरबदल करायचा झाला तरी सूचना छापून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. आपल्यापैकी किती जणी ते पान वाचतात? शब्दकोडे त्याच्याच शेजारी असते!

शिवडीला याहून वेगळी अडचण आहे. महापालिकेचा आराखडा बंदराच्या जमिनीवर पुरता चालत नाही. राज्य शासनाने पोर्ट ट्रस्टलाच त्याच्या जमिनीसाठी नियोजन प्राधिकरण नेमले आणि डिसेंबर 2018 मध्ये सुमारे 966 हेक्टरांचा वेगळा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यावरही हरकती मागवल्या. म्हणजे एफ दक्षिण विभागात राहणाऱ्या बाईला रस्त्याच्या एका बाजूसाठी एका कचेरीत जावे लागते आणि दुसऱ्या बाजूसाठी दुसऱ्या. त्यातच समुद्रावरचा पूल आला. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीपासूनच निघतो. जेथे हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी चिखलात चरायला येतात आणि जेथे कोळ्यांच्या होड्या लागतात, त्याच किनाऱ्यावरून तो न्हावा-शेव्याकडे जातो. पूल कोणाचा? एम. एम. आर. डी. ए. चा. म्हणजे तिसरी कचेरी.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो 12 चाळींना. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे काम राज्य शासनाने म्हाडाकडे दिले आणि एप्रिल 2017 मध्ये भूमिपूजन झाले. प्रत्येक कुटुंबाला 500 चौरस फुटांचे घर, असे ठरले. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांच्या हाती किल्ल्या आल्या. या योजनेत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथल्या मिळून 195 चाळी धरल्या होत्या. 207 मधून 195 वजा करा, म्हणजे शिवडीचा आकडा निघेल. आपल्या चाळी राज्य सरकारच्या आणि त्यांच्याखालची जमीन बंदराची, म्हणजे केंद्राची. शंभर वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याने दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर घरे बांधली, तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आले नसेल. घरात राहणाऱ्यांना त्याचा हिशेब आता द्यावा लागत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबते. हरकत लिहायला वकील लागत नाही. आपले नाव, पत्ता, आराखड्यातल्या कोणत्या तुकड्याबद्दल म्हणणे आहे त्याचा क्रमांक, काय हवे आणि का हवे, एवढे मराठीत लिहावे आणि दिल्याची पोच शिक्क्यासह घ्यावी. एकीच्या नावाने शंभर सह्यांपेक्षा शंभर जणींचे शंभर अर्ज असतील तर सुनावणीची शंभर बोलावणी येतात. महापालिकेच्या आराखड्यातील आपल्या विभागाची पाने आणि बंदराच्या आराखड्यातील शिवडीचे पान, अशी दोन्ही मागवून मंडळाच्या कपाटात ठेवावीत, आणि दर महिन्याच्या सभेत वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचून दाखवण्याचे काम आळीपाळीने एकेकीकडे द्यावे, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे. अनुमोदनासाठी एक नाव हवे आहे.